उत्तर ध्रुवाच्या बर्फातलं प्लास्टिक

आर्क्टिक महासागराच्या मध्यभागी ना गाव ना बंदर. तरी तिथल्या सागरी बर्फात प्लास्टिक आहे. ‘पोलरस्टर्न’ या जर्मन संशोधन-जहाजाने आणलेल्या बर्फात, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, काही ठिकाणी लिटरमागे १२,००० पर्यंत कण निघाले. निम्म्याहून अधिक कण मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षाही बारीक!

समुद्राचं पाणी गोठू लागलं की बर्फाचे स्फटिक वर येतात आणि वाटेतले कण सोबत घेतात. सायबेरियाजवळ तयार झालेला बर्फ मग वारा आणि प्रवाहांबरोबर ग्रीनलंडलगतच्या फ्राम सामुद्रधुनीकडे सरकतो. वितळला की कण तिथल्या पाण्यात. कणांमध्ये मासेमारीच्या जाळ्यांचं नायलॉन आणि जहाजांचा रंगही सापडला. तेव्हा सगळं खापर दूरच्या शहरांवर फोडता येत नाही. आर्क्टिकच्याच पाण्यातली मासेमारी आणि जहाजवाहतूकही यात भर घालते.