पेंद्या आडवा येतो तेव्हा

‘स्टाइन्स;गेट’ हा जपानी खेळ वाचायचा असतो. पडद्यावर पार्श्वभूमीचं चित्र, त्यावर उभं पात्र, खाली संवादाची चौकट. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं, मधूनच निवड करावी लागते आणि कथेला फाटे फुटतात. या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. २००९ साली आलेल्या या कथेत अकिहाबारातला ओकाबे भूतकाळात निरोप पाठवायला लागतो, आणि मग मयुरी या मैत्रिणीचा मृत्यू टाळण्यासाठी पुन्हा पुन्हा मागे जातो. त्याच पात्रांची प्रेमाची विनोदी उपकथा जपानात जून २०११ मध्ये निघाली. ‘माय डार्लिंग्ज एम्ब्रेस’ या नावाने ती इंग्रजीत यायला डिसेंबर २०१९ उजाडला.

अंबाजोगाईत घरी बसून मी ती वाचली. ती लिहिली आहे जुन्या चाहत्यांसाठीच. मूळ कथा न वाचलेल्याला मयुरीचं हसणं म्हणजे नुसतं हसणं. वाचलेल्याच्या पोटात मात्र कालवतं. हलकीफुलकी म्हणून अशा उपकथांना दुय्यम मानतात, ते मला पटत नाही. आधी सोसलेलं वाचकाच्या मनात जागं ठेवून त्याला हसवणं हे अवघड काम आहे.

आपल्याकडे हे काम तमाशाची गौळण करत आली आहे. गण झाला की वगाच्या आधी गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा बोबडा पेंद्या आणि तोंडाळ मावशी. कृष्ण कोण हे फडात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी गौळणीचाच एक प्रवेश व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये बसवायला घेतला.

त्यासाठी रेनपाय वापरलं. टॉम रॉथमेलने २००४ साली आणलेलं हे मोफत साधन पायथन भाषेवर चालतं. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ हा खेळ यातच बनला. प्रत्येक प्रवेशाला एक लेबल, निवडीसाठी मेनू, दुसऱ्या फाट्यावर जायला जंप. मूळ मांडणी एवढीच. मथुरेची वाट म्हणून बालाघाटाच्या उताराचा फोटो घातला. मावशीचे तीन चेहरे काढले: रागावलेली, लाजलेली, आणि लाजल्याचं लपवणारी. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण विनोद तिथेच आहे.

खरी झटापट वेळेची. फडात मावशीचा टोमणा पडला की ढोलकीची थाप पडते आणि हशा पिकायला जागा मिळते. इथे ती जागा वाचकाच्या बोटावर. लांब वाक्य चौकटीत एकदम दिसलं तर शेवटचा टोमणा नजर आधीच टिपते. म्हणून वाक्य तोडायचं, मध्ये थांबा घालायचा. ‘दही देते,’ एवढं म्हणून मावशी थांबते. पेंद्याचा चेहरा खुलतो. पुढच्या क्लिकला, ‘पण आधी वाट सोड.’ हेच एका दमात लिहिलं तर मेलं. बोबडे बोलही कानाला गोड लागतात, पण डोळ्याला अडतात. पेंद्याच्या वाक्यात एकच बोबडा शब्द ठेवला, तेव्हा तो वाचता आला.

निवडी ठेवल्या तीन: दही द्यावं, भांडावं, की मावशीला पुढे करावं. माउसचं चाक फिरवलं की रेनपायमध्ये मागे जाता येतं. त्यामुळे वाचक तिन्ही वाटा बघणार हे धरूनच लिहावं लागतं, आणि भांडणाच्या वाटेवरचा विनोद दह्याच्या वाटेवर पुन्हा चालत नाही.

पूर्वी या साधनात देवनागरी नीट उमटत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडायची, जोडाक्षरं तुटायची. ८.२ आवृत्तीत अक्षरजुळणीची सोय आली आणि ‘कृष्ण’ ‘कृष्ण’सारखा दिसू लागला. सोबत देवनागरीचा फाँट तेवढा द्यावा लागतो.

तेव्हा गौळण, भारूड, बतावणी ज्यांच्या कानात आहे त्यांनी हे करून बघावं. साधा संगणक पुरतो. दोन पात्रं, एक वाट आणि तीन निवडी घ्या, आणि मावशीचं पहिलं वाक्य लिहा.