जुन्या वर्कस्टेशनला नवे ग्राफिक्स कार्ड : घेण्यापूर्वीचा विचार

येवल्यात पूर्वी पैठणी निवडायची तर ग्राहकाला दुकानाची पायरी चढावी लागे. आज पदर, काठ आणि बुट्टी यांची चित्रफीत आधी ग्राहकाच्या मोबाइलवर पोहोचते आणि मागणी नंतर येते. विवाहसोहळे, संक्रांतीचा पतंगोत्सव, चर्चमधील सण यांचे चित्रीकरणही आता फोर-के दर्जात मागितले जाते. कॅमेरा बदलला, पाहणाऱ्याचा मोबाइल बदलला. परंतु ज्या संगणकावर या चित्रणाचे संपादन होते, तो लहान गावांतील अनेक स्टुडिओंमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वीचाच असतो.

यात गैर काही नाही. मोठ्या कंपन्या आपली जुनी वर्कस्टेशन्स बदलतात तेव्हा ती जुन्या मालाच्या बाजारात येतात. एचपी झेड४२० (२०१२), एचपी झेड४४० (२०१४), डेल प्रिसिजन टी५८१० (२०१४) ही त्यांपैकी परिचित नावे. ही यंत्रे दणकट असून त्यांत भरपूर मेमरी बसते. मात्र त्यांच्यातील ग्राफिक्स कार्ड त्या काळाचे असते. उदाहरणार्थ, २०१३ साली आलेल्या क्वाड्रो के२००० या कार्डात केवळ २ जीबी मेमरी आहे. मग कोणीतरी सल्ला देतो, “नवे कार्ड टाका, काम पळेल.” लग्नसराईच्या तोंडावर असा खर्च वाया गेला तर लहान व्यावसायिकाचा अख्खा हंगाम अडचणीत येतो. म्हणूनच या लेखाचे सांगणे दोन वाक्यांत मांडता येईल. संगणक नेमका कशासाठी थांबतो आहे हे आधी पाहावे. कार्ड घ्यायचेच ठरले, तर आपल्या यंत्राला पेलेल असेच घ्यावे.

कार्डाचे काम कोणते?

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात विणकरासारखा असतो. अवघड नक्षी तो एकामागून एक निर्णय घेत पूर्ण करतो. ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे शेकडो मागांचा कारखाना होय. तेथील प्रत्येक माग एकच साधे काम करतो, पण सारे माग एकाच वेळी चालतात. जीटीएक्स १६५० या साध्या कार्डातही असे ८९६ गणनघटक आहेत. चित्राच्या प्रत्येक बिंदूचा रंग थोडा उजळ करणे, चित्र लहान-मोठे करणे, एका चित्रावर दुसरे चढवणे ही कामे याच जातीची आहेत.

फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. फोर-के चित्रात त्यांची संख्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख होते. रंगसंस्काराच्या वेळी प्रत्येक बिंदूसाठी १६ बाइट लागले, तर फोर-केची एकच चौकट सुमारे १३३ एमबी जागा घेते. २ जीबीच्या कार्डात अशा जेमतेम पंधरा चौकटी मावतील. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण पडदा आणि इतर प्रोग्रामही तीच मेमरी वापरतात. “ग्राफिक्स मेमरी पूर्ण भरली” अशी सूचना येऊन काम अडते, त्याचे कारण बहुधा हेच असते. फुल एचडी कामासाठी ४ जीबी आणि फोर-केसाठी ६ ते ८ जीबी मेमरी असलेले कार्ड पाहावे.

कार्डाचा आणखी एक स्वतंत्र भाग असतो. कॅमेरा चित्रण एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवतो. ते उलगडणे आणि शेवटी पुन्हा दाबणे यासाठी कार्डावर वेगळी यंत्रणा असते. के२००० मधील यंत्रणा एच.२६४ करू शकते, एच.२६५ नाही. त्यातच झीऑन ई५ मालिकेच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्याने तेथूनही मदत मिळत नाही. एच.२६५ मध्ये चित्रण करणारा नवा कॅमेरा आला की जुने यंत्र एकाएकी मंद वाटू लागते, ते यामुळे.

संगणक कशासाठी थांबतो?

हे पाहण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्येच ग्राफिक्स कार्डाचे आलेख दिसतात. नेहमीचे काम उघडून टाइमलाइन चालवावी, मग एक्स्पोर्ट लावावा, आणि दोन्ही वेळी आलेख पाहावेत.

ग्राफिक्सचा आलेख सतत ९० टक्क्यांवर आणि मुख्य प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड बदलण्यात अर्थ आहे. मुख्य प्रोसेसर १०० टक्क्यांवर असून कार्ड रिकामे बसले असेल, तर चित्रण उलगडण्याचा भार प्रोसेसरवर पडला आहे. ते चित्रण उलगडू शकणारे कार्ड येथे उपयोगी पडेल, नुसते अधिक ताकदीचे कार्ड नाही. रॅम भरली असेल तर रॅम वाढवावी. त्या मानाने तो खर्च बहुधा कमी असतो. डिस्कचा आलेख १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी घ्यावी. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने केलेले चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते. चार कॅमेऱ्यांचे असे चित्रण एकाच वेळी चालवताना जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला चार ठिकाणी धावाधाव करावी लागते. तेथे कितीही महागडे कार्ड लावले तरी ते वाट पाहतच बसेल.

वीज, जागा आणि जोडणी

वर्कस्टेशनचा वीजपुरवठा हा कळीचा मुद्दा आहे. झेड४२० काही ठिकाणी ४०० वॅटच्या, तर काही ठिकाणी ६०० वॅटच्या पुरवठ्यासह मिळतो. टी५८१० मध्ये ४२५, ६८५ आणि ८२५ वॅट असे प्रकार आहेत. या यंत्रांचे पॉवर सप्लाय कंपनीच्या खास घडणीचे असल्याने बाजारातील साधा पॉवर सप्लाय त्यांत सहजी बसत नाही. म्हणून कॅबिनेट उघडून लेबल वाचावे आणि मगच कार्डाचा विचार करावा.

मदरबोर्डावरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. सहा पिनांची वेगळी तार आणखी ७५ वॅट देते, तर आठ पिनांची १५० वॅट. अशी तार यंत्रात नसेल तर स्लॉटवरच चालणारे कार्ड निवडावे. साटा कनेक्टरवरून वीज ओढणारे स्वस्त ॲडॉप्टर टाळावेत. तो कनेक्टर एवढ्या भारासाठी बनलेला नसतो आणि वितळण्याचा धोका असतो.

आपल्याकडे यूपीएसचाही हिशोब करावा लागतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. १३० वॅटचा प्रोसेसर, मॉनिटर, डिस्का आणि वर मोठे कार्ड असा भार पडला, तर एक्स्पोर्ट सुरू असताना वीज जाताच यूपीएसही मान टाकेल.

नवी कार्डे स्लॉटच्या जुन्या पिढीतही चालतात. संपादनाच्या कामात वेगाचा फारसा तोटा होत नाही. मात्र त्यापूर्वी बायोस अद्ययावत करावा. एचपी झेड४०० किंवा डेल टी३५०० यांसारख्या २००९ च्या यंत्रांत जुन्या पद्धतीचा बायोस असल्याने काही नवी कार्डे चित्रच दाखवत नाहीत. मॉनिटर जुना असेल तर ॲडॉप्टरचीही सोय पाहून ठेवावी, कारण आजच्या कार्डांवर व्हीजीए सॉकेट नसतो.

कोणते कार्ड निवडावे?

स्लॉटवरच चालणाऱ्या कार्डांत आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकार (२०२४) मध्यम स्टुडिओला योग्य ठरतो. तो ७० वॅटमध्ये चालतो आणि एच.२६५ ची दोन्ही कामे करतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. याच नावाचा ८ जीबी प्रकार १३० वॅटचा असून त्याला वेगळी तार लागते. तेव्हा केवळ नाव सांगून कार्ड मागवू नये. लहान कॅबिनेटसाठी आरटीएक्स ए२००० (२०२१) हे कमी उंचीचे, ७० वॅटचे कार्ड आहे. फुल एचडी कामापुरते जीटीएक्स १६५० चालते.

नवे आणि स्वस्त म्हणून घेतलेले कार्ड चांगलेच असेल असे नाही. आरएक्स ६४०० (२०२२) या कार्डात चित्रण दाबण्याची यंत्रणाच नाही. इंटेल आर्क ए३८० (२०२२) ची यंत्रणा उत्तम आहे, परंतु त्याला मदरबोर्डाची जी सुविधा लागते, ती या जुन्या वर्कस्टेशन्समध्ये नसते. जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) अजूनही विकले जाते. मात्र त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवले असून आता केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळतात.

वापरलेले कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, पैसे देण्यापूर्वी ते चालवून पाहावे. जुन्या कार्डात खोटी माहिती भरून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकार घडतात. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम असे बनावट कार्ड बहुधा ओळखतो. बसवण्यापूर्वी जुना ड्रायव्हर काढून टाकावा, प्लग काढून कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, आणि आतली धूळ झाडून घ्यावी. धुळीने भरलेला पंखा नव्या कार्डालाही थकवतो.

कार्डाने न सुटणाऱ्या अडचणी

काही अडचणी मात्र कार्डाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. ॲडोबी प्रीमिअरच्या नव्या आवृत्त्यांना एव्हीएक्स२ हा सूचनासंच लागतो. झेड४२० मधील झीऑन ई५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत तो नाही. झेड४४० मधील तिसऱ्या पिढीपासून तो आहे. १० बिट ४:२:२ पद्धतीचे चित्रण उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपूर्वीच्या कार्डांत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ही यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणून संपादनाचे यंत्र शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवावे आणि ग्राहकांच्या चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. लग्नाचे चित्रण पुन्हा करता येत नाही.

एक उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करण्यास लावाव्यात. सकाळी त्यांवर संपादन करावे. एक्स्पोर्टच्या वेळी प्रोग्राम मूळ चित्रणच वापरतो. दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि जुने यंत्रही निमूटपणे काम करते. अनेक स्टुडिओंचा कार्डाचा खर्च एवढ्यानेच एक हंगाम पुढे ढकलता येईल.

तेव्हा आधी टास्क मॅनेजर उघडावा, मग कॅबिनेट, आणि सर्वांत शेवटी पैशाचे पाकीट. हा क्रम पाळला तर जुने वर्कस्टेशन आणखी काही वर्षे मालकाला पोसेल आणि कष्टाचा पैसाही सत्कारणी लागेल.