मोटारीचें पथ्य : पेट्रोल कोणतें घ्यावें?

गेल्या अक्षय्य तृतीयेस आमच्या रिठदच्या घरीं नवी मोटार आली. घरांत पूर्वींची एक मोटार होतीच. ती माझ्या वडील बंधूंची. आठ-नऊ वर्षांची, साध्या इंजिनाची. नवी गाडी धाकट्या पुतण्यानें हौसेनें घेतली असून तिच्या इंजिनास ‘टर्बो’ नांवाचें यंत्र जोडलेलें आहे. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वांटले गेले, आणि त्याच सायंकाळीं पेट्रोल-पंपावरून एका वादानें घरांत प्रवेश केला.

त्याचें असें झालें कीं, पंपावरच्या मुलानें ‘टर्बो’ हीं अक्षरें पाहतांच पुतण्यास बजावलें, “दादा, हिला साधें पेट्रोल चालायचें नाहीं. महागाचेंच भरा, नाहींतर इंजिन बसेल.” पुतण्यानें तें भरलें. दुसऱ्या दिवशीं ही वार्ता वडील बंधूंच्या कानीं गेली. त्यांचा स्वभाव न्यायी. ते म्हणाले, “दोन्ही गाड्या घरच्याच ना? मग एकीला साजूक तूप आणि दुसरीला डालडा, हा पंक्तिप्रपंच आपल्या घरांत नको.” झालें! त्या दिवसापासून दोन्ही गाड्या महागाच्या पेट्रोलावर चालूं लागल्या. महिनाअखेर वहिनींनीं हिशेबाची वही उघडली, तेव्हां त्यांच्या कपाळास आठी पडली. “या जास्तीच्या पैशांनीं गाडीला नेमकें काय मिळालें, तें मला कुणीतरी सांगा,” असें त्या म्हणाल्या. आणि घरांत जन्मभर शाळामास्तरकी केलेला मीच एकटा असल्यामुळें उत्तर शोधण्याचें काम माझ्याकडे आलें. मी स्वतः मोटार हांकीत नाहीं. परंतु पुस्तकें चाळलीं, जाणत्या माणसांस विचारलें, आणि त्यांतून जें हातीं लागलें तें, असाच प्रश्न इतर घरांतहि पडत असेल अशा समजुतीनें, येथें मांडीत आहें.

पंपावर ९१, ९५ असे जे आंकडे आपण ऐकतों, ते पेट्रोलाचे ‘ऑक्टेन’ होत. पुष्कळांची समजूत अशी कीं, हा आंकडा पेट्रोलाच्या शक्तीचा किंवा शुद्धतेचा. तो तसा मुळींच नाहीं. तो पेट्रोलाच्या धीराचा आंकडा आहे. हें कसें, तें थोडें मुळापासून पाहूं.

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी हाताला गरम लागते, हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें. हवा दाबली कीं तापते. मोटारीच्या सिलिंडरांतहि हेंच घडतें. हवा व पेट्रोलाची वाफ यांचें मिश्रण आंत येतें, दट्ट्या वर सरकून तें दाबतो, आणि योग्य क्षणीं ठिणगी पडते. त्या ठिणगीपासून ज्वाला क्रमाक्रमानें सर्वत्र पसरावी आणि दट्ट्यास खालीं ढकलावी, अशी योजना असते. परंतु दाब व उष्णता प्रमाणाबाहेर वाढली, तर ज्वाला पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांत उरलेलें मिश्रण आपल्या आपण भडकतें. त्या वेळीं इंजिनांतून टक्‌टक् असा, पत्र्याच्या डब्यांत खडे हलविल्यासारखा आवाज येतो. यास मोटारवाले ‘नॉकिंग’ म्हणतात. झोंपाळा अजून आपल्याकडे येत असतांनाच त्यास धक्का मारला, तर झोंका तर वाढत नाहींच, उलट मनगट दुखावतें. तसाच हा अवेळीं बसलेला धक्का. जें पेट्रोल दाब सोसूनहि ठिणगीची वाट पाहतें, त्याचा ऑक्टेन अधिक.

हें मोजमाप ठरलें त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरनें, नॉकिंग होणें न होणें हें इंधनाच्या जातीवरहि अवलंबून असतें, हें प्रयोगांनीं दाखविलें. पुढें १९२६ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम एडगर यानें मोजपट्टी सुचविली. ‘आयसो-ऑक्टेन’ नांवाचा द्रव अतिशय धीराचा. त्यास १०० गुण. ‘हेप्टेन’ हा अगदीं उतावळा, त्यास शून्य. एखादें पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकें सोशीक असेल, तर त्याचा ऑक्टेन ९१. संस्कृतज्ञ वाचकांस हीं नांवें परकीं वाटूं नयेत. ऑक्टेनांत आठ कार्बन-अणु असतात, हेप्टेनांत सात. आणि ‘ऑक्टो’ व ‘हेप्टा’ हे आपल्या ‘अष्ट’ व ‘सप्त’ यांचेच दूरचे भाऊबंद होत.

धीर वाढविण्याचा एक सोपा उपाय त्यापूर्वींच, ९ डिसेंबर १९२१ रोजीं, टॉमस मिजले यास सांपडला होता: पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळणें. उपाय स्वस्त, पण विषारी. गाडीच्या धुरांतून तें शिसें मुलांच्या रक्तांत जाऊं लागलें आणि त्यांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो, हें पुढें सिद्ध झालें. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचें पेट्रोल बंद झालें. सर्वांत शेवटीं तें २०२१ सालीं अल्जीरियांत बंद झालें. आज ऑक्टेन वाढवितात तो शुद्धीकरण-कारखान्यांतील प्रक्रियांनीं आणि इथेनॉल मिसळून.

आतां हा सगळा पुस्तकी विषय नव्हे, हें मला एका जुन्या अनुभवानें पटलें आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या घरीं कार्ब्युरेटरची एक जुनी मोटार होती. मे महिन्यांत आम्हीं सात माणसें, वळकट्या व फराळाचे डबे घेऊन तींतून चिखलदऱ्यास निघालों. परतवाडा सोडून घाट लागला, आणि इंजिनांतून तो खड्यांचा आवाज सुरू झाला. “चढ आहे, व्हायचेंच,” असें म्हणून आम्हीं गाडी तशीच दामटली. चार-सहा महिन्यांनीं इंजिन उघडावें लागलें, तेव्हां एका दट्ट्यास भोंक पडलेलें आढळलें. गाडी चपळ व्हावी म्हणून एका मिस्त्रीनें ठिणगीची वेळ फार अलीकडे आणून ठेवली होती, असें तेव्हां उघडकीस आलें. त्यांत विदर्भाचा उन्हाळा, भरलेली गाडी आणि घाटाचा चढ. त्या वर्षींच्या तुरीचे पैसे त्या दुरुस्तींत गेले. आवाज ऐकूनहि न ऐकल्यासारखें केलें, हा दोष मात्र आमचा.

तर मग कोणत्या इंजिनास किती धीराचें पेट्रोल लागतें? सिलिंडरांतलें मिश्रण किती पट दाबलें जातें, या प्रमाणावर तें पहिल्यानें अवलंबून. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचें किंवा अँबॅसडरचें हें प्रमाण सात-आठाच्या आसपास असे. म्हणून कमी ऑक्टेनवरहि त्यांचें भागत असे. आजच्या साध्या इंजिनांत तें दहा ते बारापर्यंत गेलें आहे. टर्बोची गोष्ट निराळी. बाहेर टाकल्या जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरवून अधिक हवा सिलिंडरांत कोंबावयाची, ही ती युक्ति. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यानें तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. अधिक हवा म्हणजे अधिक दाब, अधिक उष्णता, आणि म्हणून नॉकिंगचा संभवहि अधिक. यावरून पंपावरच्या मुलाचें बोलणें अगदींच निराधार नव्हतें, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु तेवढ्यानें निर्णय होत नाहीं. टर्बो-इंजिन बनविणारे लोकहि हें जाणतात. ते मूळ दाबाचें प्रमाण थोडें कमी ठेवतात, कोंबलेली हवा आधीं थंड करून घेतात, आणि पुष्कळ गाड्यांत पेट्रोलाचा फवारा थेट सिलिंडरांत मारून आंतली उष्णता उतरवितात. त्यामुळें आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक टर्बो गाड्या ९१ ऑक्टेनवर सुखानें चालतात. आणि उलट, अधिक दाबाच्या एखाद्या साध्या इंजिनास अधिक धीराचें पेट्रोल मानवूं शकतें. सारांश, गाडीच्या पाठीवरचें ‘टर्बो’ हें अक्षर वाचून पेट्रोल ठरवूं नये. गाडीबरोबर आलेलें पुस्तक वाचून ठरवावें.

तें पुस्तक आमच्या घरीं प्रथम उघडलें तें पुतण्यानें नव्हे, तर सूनबाईनें. गाडी तीहि चालविते. तिनें पान काढून दाखविलें: नव्या गाडीस किमान ९१ हवें, आणि ९५ असल्यास उत्तम. वडील बंधूंच्या गाडीच्या पुस्तकांत ९१ एवढेंच लिहिलेलें. ९५ चें नांवहि नव्हतें. ‘किमान’ व ‘उत्तम’ या दोन शब्दांतील भेद महत्त्वाचा आहे. किमान आंकड्याच्या खालीं कधींहि जाऊं नये. उत्तम म्हटलेल्या आंकड्याचा उपयोग जेथें इंजिनावर ताण पडतो तेथेंच दिसतो: उन्हाळा, भरलेली गाडी, घाट, किंवा समृद्धि महामार्गावरचा लांबचा वेग. आजच्या गाड्यांत नॉकिंगची चाहूल घेणारें एक उपकरण असतें. चाहूल लागतांच संगणक ठिणगी किंचित् उशिरां पाडतो. इंजिन वांचतें, पण जोर थोडा उतरतो व पेट्रोल थोडें जास्त जळतें. ९५ भरल्यास अशा इंजिनास माघार घ्यावी लागत नाहीं, एवढाच त्याचा लाभ. ज्या इंजिनास ९१ वर नॉकिंग होतच नाहीं, त्यास ९५ भरून किंवा १०० भरून कांहींच मिळत नाहीं.

अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ति नव्हे, याचें उत्तम उदाहरण आपल्या उसाच्या मळींतूनच निघतें. इथेनॉलचा ऑक्टेन १०० हून अधिक आहे. परंतु लिटरामागें त्यांतली उष्णता पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच. देशांतल्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२५ सालीं गांठलें गेलें. या मिश्रणानें धीर वाढला, तरी लिटरास मिळणारें अंतर किंचित् घटतें. शिवाय २०२३ च्या पूर्वींच्या गाड्यांचीं रबरी नळ्या-वॉशर हीं या मिश्रणास सोसतात कीं नाहीं, हें एकदां तपासून घेणें बरें.

आणखी दोन ठिकाणीं घोंटाळा होतो. पहिला नांवाचा. ‘प्रीमियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोलाचा ऑक्टेन अधिक असतोच असें नाहीं. कांहींत केवळ इंजिन स्वच्छ ठेवणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. म्हणून नांव न विचारतां आंकडा विचारावा. इंडियन ऑइलच्या एक्सपी-९५ मध्यें तो नांवांतच आहे; त्याच कंपनीचें १०० ऑक्टेनचें पेट्रोल १ डिसेंबर २०२० रोजीं मुंबई-पुण्यासह दहा शहरांत प्रथम आलें. दुसरा घोंटाळा परदेशचा. अमेरिकेंतला मुलगा सांगतो, “आम्ही तर ८७ भरतों,” आणि येथें आईबापांस वाटतें, आपलें पेट्रोल तिकडच्याहून सरस! तिकडे दोन निरनिराळ्या चांचण्यांची सरासरी पंपावर लिहितात. त्यांचें ८७ म्हणजे आपलें सुमारें ९१ च. आणि ज्यांची गाडी किंवा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्यांचा या आंकड्याशीं कांहींच संबंध नाहीं.

आतां वहिनींचा हिशेब. समजा, दोन पेट्रोलांत लिटरामागें ८ रुपयांचें अंतर आहे आणि दोन गाड्यांस मिळून महिन्यास १०० लिटर लागतें. तर महिन्याचे ८०० आणि वर्षाचे ९,६०० रुपये. एवढ्या पैशांत टायरांतली हवा, एअर-फिल्टर, वेळेवर ऑइल-बदल हें सर्व सांभाळून रक्कम शिल्लक राहते; आणि त्या गोष्टींनीं इंजिनाचें आयुष्य खरोखरच वाढतें.

घरांत शेवटीं असें ठरलें: वडील बंधूंच्या गाडीस बारमाही ९१. नव्या गाडीस रिसोड-वाशीमच्या रोजच्या फेऱ्यांस ९१, आणि उन्हाळ्यांत दूरच्या प्रवासास निघतांना ९५. कोणत्याहि गाडींतून खड्यांचा आवाज आला, तर पाय उचलावा, खालचा गिअर घ्यावा, आणि घरीं येऊन जाणत्या मिस्त्रीस दाखवावी. नुसतें महागाचें पेट्रोल ओतून आवाज झांकूं नये.

वडील बंधूंस हें सांगतांना मला थोडा संकोच वाटत होता. पण ते क्षणभर थांबून म्हणाले, “बरोबर आहे. एकाच पंक्तींत आजाऱ्यास पेज आणि पोरास पुरणपोळी वाढली, म्हणून कोणी प्रपंच केला असें म्हणत नाहीं.” वहिनींनीं त्या दिवसापासून वहींत दोन्ही गाड्यांचीं खातीं वेगळीं मांडलीं आहेत.