लोखंडी खांबाची साक्ष

कोरड्या पाडलेल्या दलदली पुन्हा भिजवून तेथल्या कार्बनची 'क्रेडिट' विकण्याचा जो व्यवहार ब्रिटनमध्ये रूढ झाला आहे, त्यात तथ्य किती, अशी एका वाचकांची पृच्छा आहे. उत्तरादाखल एका खांबाची साक्ष काढतो.

केंब्रिजशायर परगण्यातील व्हिट्लसी मिअर हे विस्तीर्ण सरोवर १८५१ पासून कोरडे करण्यात आले, आणि त्या कामी लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच वर्षी गाजलेला अ‍ॅपोल्डचा पंप राबला. जमीनमालक विल्यम वेल्स यांनी शेजारच्या होम फेन या दलदलीत एक लोखंडी खांब असा पुरून घेतला, की त्याचा माथा जमिनीच्या पातळीला यावा. आज तो माथा सुमारे ४ मीटर उंच दिसतो. खांब जागचा हललेला नाही. जमीन मात्र त्याला सोडून खाली गेली.

पाणी निघाल्याने ती प्रथम दबली. पुढे जी गेली, ती बव्हंशी वायुरूपाने. पीट ही अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ठेव. भिजलेल्या थरात प्राणवायूची वाण असल्यामुळे जिवाणूंचा हात आखडतो आणि वर्षाकाठी जेमतेम १ मिलिमीटर पीट साचते. हवा आत शिरली, की सहस्रकांची ठेव मोडू लागते आणि तिच्यातील कार्बन वायू होऊन उडतो.

या ठेवीचे मूळ मालक स्फॅग्नम शेवाळ. त्याला मुळे नाहीत. पण त्याच्या मृत, पोकळ पेशींत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी मावते, आणि म्हणूनच पहिल्या महायुद्धात जखमांवर कापसाऐवजी तेच बांधीत असत. या गुणावरून दलदलीला पूर गिळणारा स्पंज म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु भिजलेला स्पंज आणखी काय पिणार? पाणी अडते ते शेवाळाच्या खडबडीत पृष्ठभागावर रेंगाळल्यामुळे.

आता कार्बनच्या हिशेबाकडे वळू. शास्त्रज्ञ ख्रिस एव्हान्स व सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखविले, की खाली गेलेली भूजलपातळी दर १० सेंटिमीटर वर आणली, की हेक्टरी वर्षाला निदान ३ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतके उत्सर्जन घटते, आणि पाणी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर येईतो हा हिशेब चालतो. त्याहून वर मिथेनचा वाटा वाढू लागतो. हा वायू उष्णता अधिक धरतो खरा, पण दहा-बारा वर्षांत विरतो, उलट कार्बन डाय-ऑक्साइड शतकानुशतके ठाण मांडून बसतो. तेव्हा भिजविणे निःसंशय फायद्याचे. मात्र येथे जी बचत होते ती खर्चाच्या रकान्यातील. तिला जमा म्हणून मिरविणे हा दप्तरातील लबाडीचाच प्रकार होय. १ मीटर पीट परत साचण्यास हजार वर्षे लागतात, आणि इतक्या मुदतीचे तारण कोणता व्यापारी देणार?

होम फेनला कवेत घेणारा 'ग्रेट फेन' प्रकल्प २००१ पासून तेथील पाणी पुन्हा राखू पाहत आहे. त्याच्या यशाचे माप घ्यावयाचे, तर विक्रीचे दाखले बाजूला ठेवून त्या खांबापाशी जावे: पुढच्या पिढीला त्याचा माथा आजच्याच उंचीवर सापडला, तरी पुष्कळ झाले.