घरकुल मंजूर झालं, पण जुनं घर पाडण्याआधी हा हिशेब करा

सोलापूर : यादीत नाव आलं, मंजुरीचं पत्र हातात पडलं, खात्यावर पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला की गावाकडं सगळ्यात आधी एकच काम होतं. जुनं घर पाडायचं. माळवद उतरवायचं, पत्रे काढून शेजारी उभे करायचे आणि तात्पुरतं म्हणून एक शेड मारायचं. दोन-तीन महिन्यांत नव्या घरात जाऊ, असा सगळ्यांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांचा एक पावसाळा त्याच शेडात जातो, काहींचे दोन जातात.

घर अडकतं कुठं, पैसा नेमका कधी येतो आणि कामाला हात घालण्याआधी काय जुळवून ठेवावं लागतं, ते पाहू.

घरमालक हाच गुत्तेदार

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 20 नोव्हेंबर 2016 रोजी सुरू झाली. तिचा मूळ नियम असा, की घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं. शासन गुत्तेदार नेमत नाही. गवंडी कोण लावायचा, वीट कुठली घ्यायची, सळई किती टाकायची, हे घरमालकानं ठरवायचं.

याच्या उलट उदाहरण जिल्ह्यातच आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला. त्याची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या 15 हजार घरांचं लोकार्पण झालं. तिथं कामगारांना पाच वर्षं वाट पाहावी लागली, पण सिमेंटची गोणी कुणाला डोक्यावर आणावी लागली नाही. गावातल्या घरकुलाचं तसं नसतं. तिथं वाट पाहायची ती घरमालकानंच आणि सिमेंट आणायचं तेही त्यानंच.

स्वतः बांधायचं असल्यामुळं घर आपल्या सोयीनं आणि मजबूत करता येतं, हा यातला फायदा. पण मालक, मुकादम आणि माल आणणारा एकच माणूस असतो आणि तो बहुतेक वेळा मजुरीलाही जात असतो. ज्या दिवशी साइटवर थांबला, त्या दिवशीची हजेरी बुडाली.

2 लाख 10 हजार येतात चार वाटांनी

सपाट भागासाठी घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये आहे. 2016 पासून या आकड्यात बदल नाही. त्याला इतर रकमा जोडल्या जातात. रोजगार हमीतून 90 दिवसांची अकुशल मजुरी मिळते. 2025-26 च्या 312 रुपये दरानं ती 28,080 रुपये होते. शौचालय आधी घेतलेलं नसेल तर त्याचे 12 हजार मिळतात. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारनं योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरांसाठी आणखी 50 हजार जाहीर केले. ही सगळी बेरीज 2 लाख 10 हजारांच्या घरात जाते.

चावडीवर आकडा एकच सांगितला जातो, पण पैसा चार वेगवेगळ्या वाटांनी येतो. राज्याच्या 50 हजारांपैकी 35 हजार बांधकामाला आहेत, 15 हजार छतावरच्या सौरऊर्जा यंत्रणेसाठी आहेत. शौचालयाचे पैसे शौचालयालाच जातात. मजुरी हजेरीपटावर ज्यांची नावं लागली त्यांच्या खात्यावर जाते. म्हणजे वीट, सिमेंट, सळई आणि गवंड्याला द्यायला रोख हाताशी राहतात ते 1 लाख 55 हजार. तेही एकदम नाही.

किमान घर 25 चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे 269 चौरस फुटांचं हवं. चौरस फुटाला 1,500 रुपये खर्च धरला तरी 4 लाखांच्या वर जातो. दर गावागणिक कमी-जास्त होईल, पण अनुदान आणि खर्च यांत मोठं अंतर राहणार, हे आधीच गृहीत धरलेलं बरं.

पैसा कामाच्या मागून येतो

पहिला हप्ता 15 हजारांचा. पुढचे हप्ते टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतात. जोतं झालं, फोटो चढला, मग हप्ता. पुढं लिंटल आणि छताची पातळी, मग घर पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर पंचायत समितीकडील गृहनिर्माण अभियंता जागेवर येऊन मोबाइल अॅपवर फोटो घेतो. त्यालाच जिओ-टॅगिंग म्हणतात. तो फोटो मंजूर झाल्याशिवाय पुढची फाइल हलत नाही.

आता 15 हजारांत जोत्यापर्यंत काय काय करायचं ते मोजून पाहू. 15 बाय 18 फुटांचं घर, मध्ये एक आडवी भिंत. भिंतींची लांबी 81 फूट. अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल चर घेतला तर 810 घनफूट, म्हणजे 8 ब्रासहून जास्त खोदाई झाली. त्यात दगडाचं किंवा काँक्रीटचं काम. जोतं दोन फूट उंच घेतलं तर आत भरायला पाच ब्रासच्या आसपास मुरूम. 15 हजार यात कुठवर पुरणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून घर सुरू होतानाच उसनवारी सुरू होते. सिमेंट दुकानात उधारी, बचत गटाचं कर्ज, नाहीतर सावकाराकडून टक्केवारीनं पैसे. दुसरा हप्ता यायला दोन महिने लागले तर त्या दोन महिन्यांचं व्याज घराच्या खर्चात कुणी धरलेलं नसतं. योजनेत 70 हजारांपर्यंत बँकेचं कर्ज घेण्याची सोय आहे. ते घ्यायचं असेल तर पाया खोदण्याआधी बँकेत विचारावं. काम निम्म्यात अडकल्यावर घाईनं घेतलेलं कर्ज नेहमी महाग पडतं.

हप्ता अडकतो त्या तीन जागा

पहिली जागा बँक खातं. अनुदान आधार जोडलेल्या खात्यावर येतं. घरात दोन-तीन खाती असली की पैसा भलत्याच खात्यात जातो किंवा परत जातो. मंजुरी पत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच आहे ना, हे शाखेत जाऊन तपासावं. मंजुरी बहुतेक वेळा घरातील महिलेच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे असते. त्यामुळं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, ही अडचण नेहमीची.

दुसरी जागा हजेरीपट. 28 हजारांची मजुरी आपोआप जमा होत नाही. जॉब कार्ड असावं लागतं, कामाची मागणी करावी लागते आणि ग्रामरोजगार सेवकानं त्या-त्या आठवड्याचा हजेरीपट काढावा लागतो. घर बांधून झालं आणि मजुरीचा एकही पट निघाला नाही, असं झालं की त्या पैशावर पाणी सोडावं लागतं. मागच्या तारखेची हजेरी लागत नाही.

तिसरी जागा जिओ-टॅगिंग. एका अभियंत्याकडं अनेक गावं असतात. जोतं झालं म्हणून घरमालक वाट पाहत बसतो आणि तिकडं कार्यालयाला जोतं झाल्याचा पत्ताच नसतो. टप्पा संपायच्या चार दिवस आधी ग्रामपंचायतीत कळवावं, जमल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. फोटो काढायला किंवा हप्ता सोडायला कुणी पैसे मागत असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते. लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

जागेचा कागदही याच यादीतला. घराच्या जागेसाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. तलाठ्याकडचा 8 अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, तो वेगळा. नावात साम्य असल्यानं चुकीचा कागद जोडून हेलपाटे घालणारे कमी नाहीत. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला 1 लाखापर्यंत मदत मिळते.

वाळू फुकट, पण दारात नाही

एप्रिल 2025 च्या वाळू धोरणात घरकुलासाठी 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत ठेवली आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. मात्र त्यासाठी तहसीलकडून पास घ्यावा लागतो आणि ट्रॅक्टरचं भाडं स्वतः द्यावं लागतं. पास कुठल्या घाटाचा आहे ते आधी पाहावं. सांगोल्याच्या आतल्या वाडीवरचा माणूस भीमेच्या घाटावरून वाळू आणणार असेल तर भाडं बरंच होतं. शिवाय फुकट आहे ती वाळू. जोत्यात भरायचा मुरूम, खडी आणि वीट विकतच घ्यावी लागते.

गवंडी का येत नाही?

गवंडी उचल घेऊन जातो आणि पंधरा दिवस फिरकत नाही, ही तक्रार प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळते. यात गवंड्याचा दोष असतोच, पण एक साधं गणितही आहे. एकाच गावात एका वेळी वीस घरकुलं मंजूर होतात, गवंडी असतात दोन-चार. मग तो तीन ठिकाणी पाया धरून ठेवतो आणि जिथं माल येऊन पडला आहे तिथं आधी जातो.

दुसरं कारण ऊस. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. नोव्हेंबरच्या आसपास गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर उसाकडं जातात, बिगारीही जातात. वाळू-मुरुमाची वाहतूक दिवाळीआधी उरकली तर पुढचं काम निघतं.

गवंड्याशी काम उक्तं ठरवलं असेल तर कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात. कामात काय-काय धरलं आहे, गिलावा आणि फरशी आत आहे की बाहेर, पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यायचे. सरकार टप्प्यानं पैसे देतं, तसेच गवंड्यालाही टप्प्यानं द्यावेत. उचल जेवढी जास्त, तेवढा गवंडी लांब.

काळ्या रानात घर बांधताना

भीमा, सीनेच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कठीण मुरूम लागेपर्यंत खोदलं नाही तर दोन वर्षांत भिंतीला तिरकी चीर जाते. खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात भरून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. पुढं फरशी उचलते ती यामुळंच.

आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरात येतो. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेच्या पुरानं माढा, मोहोळ, करमाळा भागातील गावं पाण्यात गेली, हे लोक विसरलेले नाहीत. नदीकाठच्या गावात जोतं ठरवताना त्या पाण्याची खूण पाहूनच उंची धरावी.

स्लॅब उन्हाळ्यात टाकला तर पाणी मारणं हेच मोठं काम होऊन बसतं. बाहेर 42 अंशांवर ऊन असताना सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या शिंपडून भागत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं आणि किमान दहा दिवस ते सुकू देऊ नये. भिंती आणि खांबांना ओली पोती गुंडाळावीत. टँकरवर अवलंबून असलेल्या गावात या पाण्याचा खर्च आधीच धरावा. पाणी वाचवलेला स्लॅब पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागतो.

पाडायच्या आधी हे हातात हवं

घरकुल मंजुरीपासून 12 महिन्यांत पूर्ण करावं, असा नियम आहे. त्यामुळं कागद आणि पैशाची जुळणी करण्यात महिना गेला तरी बिघडत नाही. तपासलेलं बँक खातं, जॉब कार्ड आणि पहिल्या हजेरीपटाची मागणी, नमुना 8, वाळूचा पास, गवंड्याशी लिहून केलेला व्यवहार आणि जोत्यापर्यंत पुरेल एवढा पैसा, या सहा गोष्टी जुळल्या की मगच पहार उचलावी. जुन्या जागेचा पहिला फोटो अॅपवर चढला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

रमाई, शबरी, मोदी आवास या राज्याच्या योजनांचे निकष वेगळे आहेत, पण पैसा टप्प्यानंच येतो. त्यामुळं हिशेबाची पद्धत तीच.

जागा मोकळी असेल तर जुनं घर न पाडता शेजारी नवं बांधावं. जागा तेवढीच असेल तर निदान एक खोली उभी ठेवून काम काढता येतं का, हे गवंड्याला विचारावं. हप्ता दोन महिने लांबला तर लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना पावसात राहायला तीच खोली असते.