रंध्रांत साठवलेले जीवनसत्त्व

अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि आतड्यातील सारा व्यवहार तर पाण्याच्या माध्यमातून चालतो. त्यामुळे आहारात किंवा औषधात ती पुरेशी असली तरी रक्तापर्यंत पोहोचतीलच असे नसते. निसर्गाने यावर काढलेला मार्ग असा, की जेवणातील स्निग्ध पदार्थांच्या चाहुलीने पित्त आतड्यात उतरते, पित्तातील क्षार स्निग्धांशांना आणि त्यांत विरघळलेल्या जीवनसत्त्वाला वेढून त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके बनवतात आणि या पुंजक्यांच्या आधारे जीवनसत्त्व आतड्याच्या अस्तरातील पेशींपर्यंत जाते. ज्यांच्या पित्तमार्गात अडथळा आहे किंवा ज्यांचे स्वादुपिंड पुरेसा पाचकरस स्रवत नाही, अशा रुग्णांमध्ये हा मार्ग खुंटतो, आणि अशांसाठीच जीवनसत्त्व पोहोचवण्याच्या दुसऱ्या वाटा शोधणे निकडीचे ठरते.

या वाटांपैकी एक सच्छिद्र पदार्थांतून जाते. ती समजून घेण्यासाठी आधी स्फटिकाचा विचार करावा लागतो. शुद्ध ड-३ जीवनसत्त्व घनरूपात असते तेव्हा त्याचे रेणू एका ठरावीक मांडणीत एकमेकांना घट्ट धरून राहतात. ही पकड सोडवायला ऊर्जा लागते आणि पाण्याला तेलकट रेणूचे आकर्षण मुळातच नसल्याने ती ऊर्जा पाण्याकडून मिळत नाही. रेणूंची ही मांडणी मोडली, म्हणजे पदार्थ अस्फटिक अवस्थेत आणला, तर तो तुलनेने लवकर आणि अधिक प्रमाणात विरघळतो. पण मोकळ्यावर ठेवलेला अस्फटिक पदार्थ कालांतराने पुन्हा स्फटिक बनू पाहतो. रंध्राची खरी उपयुक्तता येथे आहे. स्फटिक तयार होण्यासाठी आरंभी रेणूंचा एक किमान आकाराचा गट जमावा लागतो, आणि काही नॅनोमीटर रुंदीच्या रंध्रात (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तेवढ्या गटाला जागाच मिळत नसल्यामुळे आत शिरलेले रेणू विस्कळीत अवस्थेतच राहतात.

सच्छिद्र खनिजे महाराष्ट्राला नवी नाहीत. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखे झिओलाइट जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कृत्रिम झिओलाइटांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. मात्र झिओलाइटची रंध्रे साधारणतः एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असल्याने जीवनसत्त्वांच्या मोठ्या रेणूंना ती अपुरी पडतात. ही अडचण 1992 मध्ये दूर झाली. मोबिल या तेलकंपनीच्या संशोधकांनी त्या वर्षी एमसीएम-41 नावाची सिलिका जाहीर केली, जिच्यात मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी रचनेत बसलेल्या, दोन ते दहा नॅनोमीटर रुंदीच्या समांतर नळ्या होत्या. दोन ते पन्नास नॅनोमीटर रुंदीच्या रंध्रांना मध्यरंध्रे म्हणतात, आणि अशा सिलिकेच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे हजार चौरस मीटर भरू शकते. मूळ शोध खनिज तेलाच्या शुद्धीकरणासाठी लागला होता. 2001 मध्ये माद्रिद येथील संशोधकांनी या सिलिकेत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरून दाखवले, आणि औषधशास्त्राचे लक्ष तिच्याकडे वळले.

भरण्याची रीत साधी आहे. जीवनसत्त्व अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवून त्यात सिलिका मिसळतात, केशाकर्षणाने द्रावण रंध्रांत ओढले जाते, आणि द्रावक उडून गेल्यावर जीवनसत्त्व आत उरते. सिलिकेची भिंत पाण्याला आपलेसे करणारी असल्यामुळे पुढे आतड्यातील पाणी रंध्रांत शिरते आणि तेथील रेणूंना विस्थापित करून बाहेर काढते. कठीण टप्पा मात्र यानंतर येतो, कारण एकदम बाहेर पडलेल्या रेणूंमुळे भोवतालचे पाणी त्याच्या क्षमतेपलीकडे भारले जाते, म्हणजेच अतिसंपृक्त होते, आणि पित्तक्षारांनी किंवा मिश्रणात घातलेल्या एखाद्या बहुवारिकाने, म्हणजे लांब साखळीच्या रेणूने, त्यांना वेळीच सावरले नाही तर ते पुन्हा साक्यासारखे खाली बसतात.

सर्व जीवनसत्त्वांना रंध्रांचा लाभ सारखाच होत नाही. ई जीवनसत्त्व सामान्य तापमानाला दाट तेलच असल्याने त्याच्या बाबतीत स्फटिक मोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही सिलिकेवर शोषून घेतल्यास त्याची सहज वाहणारी भुकटी होते, आणि निम्म्या वजनाइतके ई जीवनसत्त्व सामावणारी अशी भुकटी पशुखाद्यात प्रत्यक्ष वापरली जाते. फॉलिक आम्लाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते ब गटातील असूनही आम्लधर्मी पाण्यात अत्यल्प विरघळते, म्हणून व्हॅलेन्सिया येथील संशोधकांनी रंध्रांच्या तोंडाशी अमाइन गटांचे असे रेणू बसवले, की जठराच्या आम्लात ही तोंडे बंद राहतात आणि आतड्याच्या उदासीन वातावरणात उघडतात. रचनेतील ही कल्पकता मनापासून दाद देण्याजोगी आहे.

या विषयात उत्साह रास्त असला तरी चंचुपात्रात जीवनसत्त्व किती लवकर विरघळले यावरून ते शरीरात किती शोषले गेले हे ठरत नाही. त्यासाठी माणसांच्या रक्तातील पातळी मोजणाऱ्या चाचण्याच निर्णायक मानल्या पाहिजेत. सिलिका अन्नपदार्थांत पूर्वीपासून वापरली जात असली तरी नव्या रचनेच्या, पृष्ठभागावर नवे रेणू बसवलेल्या कणांची सुरक्षितता वेगळी तपासावी लागते. असे तपासलेले उत्पादन हाती येईपर्यंत ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी, जिच्यात प्रत्यक्ष जीवनसत्त्व अवघे दीड मिलिग्रॅम असते, ती वैद्यकीय सल्ल्यानेच आणि स्निग्धांश असलेल्या मुख्य जेवणासोबत घ्यावी. हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि त्याच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.