ठिणगीवांचून पेटणारें यंत्र

घरांतील धान्य, साखर, औषधें, मुलांचीं पुस्तकें यांपैकीं दारापर्यंत येतांना वाटेंत कोठेंहि मालमोटारींत चढली नाहीं, अशी वस्तु क्वचितच सांपडेल. त्या मालमोटारीच्या पोटांत धडधडणारें इंजिन बहुधा डिझेलचें असतें. डिझेल हें तेलाचें नांव म्हणून आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुळांत तें एका माणसाचें आडनांव आहे, आणि आपल्या इंजिनावर माल वाहणारी मोटार रस्त्यावर रुळलेली पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें एका जर्मन कुटुंबांत झाला. १८७० च्या युद्धामुळें त्या कुटुंबास फ्रान्स सोडावा लागला. पुढें म्यूनिकच्या तंत्रशाळेंत शिकत असतां वाफेचें इंजिन कोळशांतील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामीं लावितें, हें प्रोफेसर लिंडे यांच्या व्याख्यानांत त्यानें ऐकलें, आणि त्या नासाडीची टोंचणी त्यास कायमची लागली.

त्याची युक्ति समजण्यास सायकलचा पंप पुरे आहे. चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, कारण दाबलेली हवा ऊन होते. हीच हवा सिलिंडरांत पुष्कळच दाबली, तर ती इतकी तापते कीं, तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. ठिणगीची गरजच उरत नाहीं. १८९३ मध्यें पेटंट मिळालें. चार वर्षांच्या खटपटीनंतर, १८९७ सालीं, ऑग्सबर्गच्या कारखान्यांत प्रोफेसर श्रोटर यांनीं यंत्राची परीक्षा घेतली, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामीं लागल्याचें दिसून आलें.

परंतु हें यंत्र माणसाहून उंच व कित्येक टन वजनाचें होतें. तेलाचे बारीक तुषार उडविण्यास अतिशय दाबलेल्या हवेचा झोत लागे, आणि त्यासाठीं वेगळा अवजड पंप बसवावा लागे. कारखान्यांत व जहाजांवर हें ओझें खपून गेलें. गाडीवर तें कसें खपावें? मालापेक्षां इंजिनाचीच हमाली अधिक, असा तो प्रकार होता. डिझेलनें मोटारीसाठीं लहान इंजिन करून पाहिलें, पण तें साधलें नाहीं. पुढें तो कर्जांत बुडाला. आणि २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' आगबोटीवरून नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं समुद्रांत त्याचें प्रेत आढळलें.

उरलेलें काम दुसऱ्यांनीं केलें. बेंझ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज यानें १९०९ मध्येंच सिलिंडराच्या माथ्यावर एक चिमुकला कोठा योजिला होता. थोडें तेल त्या कोठ्यांत पेटे, आणि त्या भडक्याच्या जोरानें उरलेलें तेल तुषार होऊन सिलिंडरांत उडे. हवेच्या पंपाचें लोढणें सुटलें! १९२३ सालीं बेंझच्या पांच टनी मालमोटारीस असें ४५ अश्वशक्तीचें इंजिन बसवून ती डोंगराळ रस्त्यांवर चालविली, तेव्हां सुमारें पाव इंधन वांचलें. पुढल्याच वर्षीं डिझेलचें पहिलें यंत्र जेथें घडलें, त्या ऑग्सबर्गच्या कारखान्याची मालमोटार न्यूरेंबर्गपर्यंतचें सुमारें १४० किलोमीटर अंतर साडेपांच तासांत तोडून गेली. तींत तेल सरळ सिलिंडरांतच सोडलें जाई. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत तेल नेमकें मोजून देणारे पंप मोठ्या प्रमाणावर होऊं लागले, आणि डिझेल मालमोटारींचा मार्ग मोकळा झाला. आपल्या देशांत १९५४ सालीं टाटांनीं डायम्लर-बेंझच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें अशा गाड्या बांधण्यास आरंभ केला.

या इंजिनाच्या धुराविषयींची तक्रारहि खोटी नाहीं. तो कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ मध्यें दिला. म्हणजे डिझेलनें आरंभिलेलें काम अद्याप संपलेलें नाहीं. आजोबांनीं लाविलेल्या आंब्याचीं फळें नातवंडें खातात, पण त्याची कीड काढणेंहि त्यांच्याच वांट्यास येतें; थोर शोधांचेंहि असेंच आहे.